वाणिज्य शाखेतून परिचर्येकडे : विज्ञान कुठून वाचायला घ्यावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, बारावी वाणिज्य शाखेतून, पुढे बी.कॉम.; दापोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेत लिपिकाची नोकरी. वडिलांच्या दीर्घ आजारपणात त्यांचे सगळे तुम्हीच केले आणि तेव्हापासून परिचारिका व्हायचे मनाने घेतले. बी.एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते, म्हणून मुक्त विद्यालयातून हे विषय घेऊन पुन्हा बारावीला बसलात. रसायनशास्त्र राहिले, जीवशास्त्र जेमतेम सुटले, आणि आता "विज्ञान माझ्या डोक्यात शिरतच नाही, मग हा नाद सोडावा का?" असे तुम्ही विचारले आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात परिचर्या शिकवण्यात माझी नोकरी गेली आहे, आणि कला-वाणिज्यातून आलेल्या, संसार सांभाळून शिकणाऱ्या पुष्कळ मुली मी वर्गात पाहिल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की नाद सोडू नये. मात्र वाट बदलावी, आणि त्याही आधी विज्ञान वाचण्याचा क्रम बदलावा.

आधी वाटेचे पाहू, कारण तिथे वयाचा हिशेब आहे. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्याला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गात ४५ टक्के गुण लागतात, शिवाय इंग्रजी उत्तीर्ण असावे लागते, आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी राज्याची स्वतंत्र सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, घेतली जाते. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते. ४० टक्के गुण आणि इंग्रजी एवढीच अट असते. प्रवेशासाठी वयाची वरची मर्यादा दोन्हीकडे ३५ वर्षे आहे. तुम्ही रसायनशास्त्रासाठी आणखी एक वर्ष घालवले, मग सीईटी दिली आणि पहिल्या फटक्यात जागा मिळाली नाही, तर ही मर्यादा अगदी जवळ येऊन ठेपते. जीएनएमला मात्र तुमच्या हातातले वाणिज्य शाखेचे गुणपत्रक आजच पुरेसे आहे. पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही घेता येते. एकूण काळ एका वर्षाने वाढतो हे खरे, पण मधल्या काळात हातात नोंदणी आणि पगार असतो. एम्सच्या भरतीत जीएनएम उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, तो बी.एस्सी.वाल्यांना मागत नाहीत. फरक असलाच तर अशा ठिकाणी जाणवतो. तुमच्या वयाला आणि घरच्या परिस्थितीला मी जीएनएमच सुचवेन.

याच संदर्भात एक सावधगिरी सांगून ठेवते. तालुक्याच्या गावी सहा महिन्यांचे, वर्षाचे "नर्सिंग"चे वर्ग चालतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय तुम्ही कायद्याने परिचारिका ठरत नाही. फी भरण्याआधी त्या संस्थेला राज्य कौन्सिलची मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय पाकिटाला हात लावू नये.

आता मूळ दुखण्याकडे येते. जीएनएमच्या दारात विज्ञानासाठी कोणी अडवत नाही, पण आत पाऊल ठेवल्याबरोबर शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र समोर उभे राहते. अभ्यासक्रमात शरीररचना व शरीरक्रिया मिळून सुमारे ९० तास दिलेले आहेत. ज्यांनी बारावीला जीवशास्त्र केले आहे त्यांना ते पुरतात; ज्यांनी केलेले नाही त्यांची दमछाक होते, आणि उत्तीर्ण होण्यासाठी लेखी व प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात. म्हणून तुम्ही मुक्त विद्यालयासाठी केलेला अभ्यास वाया गेला असे मुळीच समजू नये. परीक्षेच्या दृष्टीने तो फसला असला तरी आता तोच निराळ्या क्रमाने लावून घ्यायचा आहे.

तुम्ही पाठवलेल्या वहीच्या पानांवर पेशीची आकृती आहे, तिच्या सोळा-सतरा भागांची नावे आहेत, खाली स्नायूंची यादी, त्याखाली विकरांची (एन्झाइम्सची) यादी. पाठांतर नीटनेटके आहे, पण एकाही नावापुढे "हे काय करते आणि हे बिघडले तर काय होते" हे लिहिलेले नाही. आपल्याकडे विज्ञान असेच शिकवले जाते, त्यामुळे यात तुमचा काही दोष नाही. पण प्रौढ माणसाची स्मरणशक्ती सोळा वर्षांच्या मुलीसारखी निर्हेतुक यादी धरून ठेवत नाही. तिला कारण लागते. म्हणून नावांपासून सुरुवात न करता शरीरात काय वाहते, किती वाहते आणि कुठे अडते, इथून सुरुवात करावी. पाणी आणि मीठ, रक्त आणि त्याचा दाब, प्राणवायू, साखर एवढ्या चार गोष्टींचा प्रवास समजला तर पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राचा मोठा भाग त्यांच्याभोवती आपोआप गोळा होतो.

पाणी आणि मिठाचे उदाहरण विस्ताराने देते, कारण वॉर्डात पहिल्या दिवसापासून तेच हाताळावे लागते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात त्यांना पाणी सुटते. फोडीच्या पेशींबाहेर मीठ जास्त झाले, म्हणून आतले पाणी पेशीच्या पडद्यातून बाहेर आले. यालाच पुस्तकात ऑस्मोसिस म्हणतात. लोणचे घालणाऱ्या प्रत्येकीने हा प्रयोग केलेला असतो. आता कैरीच्या जागी रक्तातली तांबडी पेशी ठेवा. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के असे छापलेले असते, म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. हे प्रमाण रक्तद्रवाशी जवळजवळ जुळते, त्यामुळे पाणी पेशीच्या आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. नुसते डिस्टिल्ड वॉटर मोठ्या प्रमाणात शिरेतून गेले तर पाणी पेशीत शिरून तांबड्या पेशी फुगतात आणि फुटतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते प्यायले तर एवढे मीठ बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडाला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्ची घालावे लागते, म्हणून भर समुद्रात तहानलेल्या माणसाने ते प्यायचे नसते. एवढे समजल्यावर आयसोटॉनिक (रक्ताइतकेच खारट), हायपोटॉनिक (त्याहून कमी), हायपरटॉनिक (त्याहून जास्त) हे तीन शब्द पाठ करायला किती वेळ लागेल? आणि रक्तातले सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर या मर्यादेत का ठेवावे लागते, पोटॅशियमचे इंजेक्शन पातळ न करता शिरेत कधीच का देत नाहीत, हे प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारायला लागाल.

इथे तुमची आजवरची नोकरी उपयोगी पडते. वॉर्डातला इनटेक-आउटपुट चार्ट ही रुग्णाच्या पाण्याची कीर्द आहे. जमेला तोंडाने घेतलेले आणि शिरेतून दिलेले. खर्चाला लघवी, उलटी, जुलाब, निचरा. मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाच्या चोवीस तासांत जमा २,१०० मिली आणि लघवी फक्त ३५० मिली दिसली, तर घाम आणि श्वासातून गेलेले वजा करूनही बरेच पाणी अंगात शिल्लक राहिले आहे. ते कुठे आहे? पायांच्या सुजेत, आणि पुढे फुप्फुसात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, म्हणून अशा रुग्णाचे रोज सकाळी त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन करायला सांगतात; हा ताळा जुळतो का ते बघण्यासाठी. मूत्रपिंडाच्या पाठात दिवसाला सुमारे १८० लिटर गाळले जाते आणि जेमतेम दीड लिटर लघवी होते असा आकडा येतो. विज्ञान शाखेच्या मुली तो पाठ करून पुढे जातात. हिशेबाची सवय असलेली बाई मात्र थांबून विचारते की उरलेले १७८ लिटर गेले कुठे, आणि त्या एका प्रश्नाच्या उत्तरात मूत्रपिंडाचे निम्मे प्रकरण संपते.

औषधाच्या गणिताचेही तसेच. नवख्या मुलींच्या सर्वात गंभीर चुका इथे होतात, आणि बहुतेक वेळा त्या त्रैराशिकाच्या असतात. बारा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल म्हणजे १८० मिलिग्रॅम द्यायचे आहे. बाटलीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असेल तर ७.२ मिली, आणि ५ मिलीत २५० असेल तर ३.६ मिली. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात, म्हणून "एक चमचा दे" हा आदेश अपुरा असतो. सलाईनचे गणित असे : ५०० मिली आठ तासांत द्यायचे, आयव्ही सेटमधून एका मिलीला २० थेंब पडतात, तर १०,००० थेंब भागिले ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. इन्शुलिनमध्ये तर अधिकच जपावे लागते. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट अशा दोन्ही शक्तींच्या बाटल्या मिळतात आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. १०० ची बाटली घेऊन ४० च्या सिरिंजने तेवढ्याच खुणेपर्यंत औषध ओढले तर रुग्णाला अडीच पट इन्शुलिन जाते आणि तो साखर उतरून बेशुद्ध पडू शकतो. पतसंस्थेत व्याजाचे आकडे दोनदा तपासायची जी खोड तुम्हाला लागली आहे ती परिचर्येत फार मोलाची आहे. ती सोडू नका.

रसायनशास्त्राचे भय कमी करायला एवढेच सांगते की परिचारिकेला त्यातले सगळे लागत नाही. द्रावणाची संहती (तीव्रता), क्षारांचे आयनात रूपांतर, आम्ल-अल्कली आणि पीएच, बफर (पीएच फार बदलू न देणारे द्रावण), आणि सेंद्रिय भागातले कर्बोदके-प्रथिने-मेद, ही प्रकरणे मात्र पक्की हवीत. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ इतक्या अरुंद पट्ट्यात राहतो आणि तो तसा ठेवण्याचे काम फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून मिनिटामिनिटाला आणि मूत्रपिंडे संथपणे करतात, हे एकदा ध्यानात आले की मधुमेहात केटोआम्ले वाढलेला रुग्ण इतका जोरजोरात का श्वास घेतो हे कळते. धातूंच्या निष्कर्षणाचे प्रकरण बारावीच्या परीक्षेसाठी होते. जीएनएमची वाट धरलीत तर ते खुशाल बाजूला ठेवा.

शरीररचनेत पाठांतराला पर्याय नाही, हे मात्र स्पष्टच सांगायला हवे. २०६ हाडे आणि मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या तर्काने सापडत नाहीत, त्या घोकाव्याच लागतात. तरीही आधी डोळ्यांनी पाहिलेले लवकर पाठ होते. तुम्हाला मांसाहार वर्ज्य नसेल तर रविवारी खाटकाकडून बकऱ्याचे अख्खे हृदय आणि एक गुर्दा न कापता मागून घ्या. तो जरा चमकून बघेल, पण देईल. हृदय नळाखाली धुऊन, धारदार सुरीने टोकापासून वर उभे चिरा. डाव्या कप्प्याची भिंत बोटाच्या चिमटीत धरली तर चांगली जाड आणि घट्ट लागते, उजव्याची त्या मानाने पातळ. कारण उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचे असते आणि डाव्याला अंगभर. आत पांढऱ्या, दोऱ्यांसारख्या तंतूंनी भिंतीला बांधलेले झडपेचे पातळ पापुद्रे दिसतील. ते तंतू हलकेच ओढून पाहा, म्हणजे रक्त उलटे का जात नाही हे पुस्तकाने सांगायची गरज उरणार नाही. गुर्दा लांबीच्या बाजूने चिरला की बाहेरचा आणि आतला असे दोन वेगळ्या रंगांचे थर दिसतात आणि मधल्या पोकळीतून मूत्रनलिका निघालेली दिसते. हे बघून झाल्यावर, पुस्तक मिटून, आकृती स्वतःच्या हाताने काढावी. छापील आकृतीची झेरॉक्स वहीत चिकटवून अभ्यास होत नाही. (शाकाहारी विद्यार्थिनी महाविद्यालयातल्या प्रतिकृतींवर काम भागवतात आणि त्यांचे काही अडत नाही.)

रोगांचा अभ्यास आपल्या परिसरातल्या रोगांपासून करावा, असे मी नेहमी सांगते. कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण येतात. उंदराच्या मूत्रातून जंतू चिखलात उतरतो, पायाच्या भेगांतून आणि जखमांतून शरीरात शिरतो, आणि आजार बळावला तर यकृत, मूत्रपिंड व फुप्फुसे यांना ग्रासतो. या एका आजारात सूक्ष्मजीवशास्त्र, त्वचेचे संरक्षण, कावीळ, लघवी कमी होणे आणि सार्वजनिक आरोग्य अशी तुमच्या पहिल्या वर्षाची निम्मी अनुक्रमणिका आहे. विंचूदंशाचेही तसेच. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते, त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्था (हृदय, रक्तवाहिन्या, घाम यांना आपल्या इच्छेविना चालवणारी) एकदम खवळते. अंग घामाने थबथबते, हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांना प्राझोसिन देण्याचा मार्ग दाखवला. हे औषध रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा ग्राहक (पेशीवरचे संदेश झेलणारे भाग) अडवते, म्हणजे विषाने जे केले त्याच्या नेमके उलट करते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वायत्त मज्जासंस्थेच्या याच खवळलेल्या, सिम्पॅथेटिक भागाचा तक्ता तुम्हाला कितीही वेळा वाचून लक्षात राहत नसेल, तर विंचू चावलेल्या माणसाची लक्षणे एका बाजूला लिहा आणि प्रत्येक लक्षणासमोर ते कोणत्या अवयवातून आले ते लिहा. तक्ता तयार होतो.

इंग्रजीची अडचण तुम्ही ओझरती लिहिली आहे, पण मला ती विज्ञानाच्या अडचणीइतकीच मोठी वाटते. पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात. प्रत्येक घटक आधी मराठीत, कोणाला तरी सांगावा अशा भाषेत लिहून काढावा, आणि मग तेवढाच मजकूर साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहावा. रोज एक पान, जास्त नको. मराठीत सांगता आले नाही तर घटक समजलेला नाही असे धरून परत मागे जावे. मराठीत येते पण इंग्रजीत येत नाही, तर अडचण फक्त शब्दांची आहे आणि ती सरावाने सुटते. या दोन अडचणी एकमेकींत मिसळल्यामुळेच बऱ्याच हुशार बायका "मला विज्ञान जमत नाही" असे ठरवून मोकळ्या होतात.

नोकरी लगेच सोडू नका. प्रवेश पक्का होईपर्यंत संध्याकाळचा दीड तास आणि रविवारची सकाळ एवढा वेळ पुरे आहे. पहिले दोन महिने फक्त वर सांगितलेले चार प्रवाह, नंतर औषधाचे गणित, आणि शेवटी हाडे-स्नायूंची नावे, असा क्रम ठेवावा.

याशिवाय एक गोष्ट आधी करावी असे मला वाटते. वडिलांची सेवा करणे वेगळे आणि अनोळखी माणसाचे बेडपॅन काढणे, कुजलेली जखम धुणे, नाइट ड्युटीत एकटीने वीस-पंचवीस खाटांवर लक्ष ठेवणे वेगळे. ओळखीच्या कोणा सिस्टरला विचारून, रुग्णालयाच्या परवानगीने, एखाद्या वॉर्डात दोन-चार दिवस नुसते उभे राहून पाहावे. विज्ञान कच्चे असेल तर ते शिकवता येते. वॉर्डात उभे राहणे सोसत नसेल, तर त्यावर शिक्षकाकडे उपाय नसतो, आणि तीन वर्षे खर्ची पडण्याआधी ते कळलेले बरे.

कागदपत्रांचे काम प्रवेशाच्या घाईत करू नये. दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, आणि लागू असेल तर जात वैधता व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आताच एका फाइलमध्ये लावावे. शिक्षणात बरीच वर्षे खंड पडला असल्यामुळे खंडाचे प्रतिज्ञापत्र मागतात, तेही करून ठेवावे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर गुणपत्रकावरचे आणि आधारवरचे नाव जुळत नाही, त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते, आणि तिला सर्वात जास्त वेळ लागतो, म्हणून तिचा अर्ज सर्वात आधी करावा.